जुनी मोटार आणि नवी वीज

आजच्या भाषणाचा विषय कांहींसा घरगुती आहे, म्हणून आरंभींच आपली क्षमा मागतों. मी यंत्रशास्त्राचा पंडित नव्हे. जन्मभर शाळेंत मुलांना अंकगणित आणि व्याकरण शिकविलें, आणि गेलीं अकरा वर्षें पेट्रोलवर चालणारी एक लहानशी मोटारगाडी वसईच्या पावसाळ्यांतून व खाऱ्या वाऱ्यांतून जपत आलों आहें. या जपणुकींत माझ्या हातून ज्या चुका झाल्या आणि त्या चुकांतून जें शिकलों, तें आज आपणांपुढें ठेवावयाचें आहे. त्याच्या जोडीला एक प्रश्नहि आहे, आणि तो सध्यां पुष्कळ घरांतून विचारला जात आहे. असलेली गाडी दुरुस्त करून चालवावी, कीं ती काढून टाकून विजेवर चालणारी नवी गाडी घ्यावी?

आमच्या घरांत हा प्रश्न मुलानें काढला. गाडीचा क्लच गेला होता आणि मिस्त्रीनें दहा-बारा हजारांचा आंकडा सांगितला होता. मुलगा म्हणाला, "बाबा, आतां हिच्यावर आणखी पैसे घालूं नका. विकून टाकूं आणि विजेवरची घेऊं. मग पेट्रोल नको, ऑइल नको, क्लचहि नको." मीं लगेच उत्तर दिलें नाहीं. शिक्षकाला एक खोड असते. गणित मांडून पाहिल्यावांचून त्याला उत्तर देववत नाहीं. मीं त्याच्यापाशीं आठ दिवसांची मुदत मागितली. त्या आठ दिवसांत जो विचार केला, त्याचाच हा सारांश आहे.

प्रथम जुन्या गाडीविषयीं सांगतों. कारण जिला आपण कुचकामाची म्हणून काढावयास निघतों, ती पुष्कळदां केवळ आपल्या हयगयीनें कुचकामाची झालेली असते. माझेंच उदाहरण घ्या. जुलै २०१८ मधील पाऊस वसईकरांना अजून आठवत असेल. नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढून आगगाड्या थांबल्या, मिठागरांत माणसें अडकून पडलीं, आणि वसईच्या बऱ्याच भागांत वीज बंद ठेवावी लागली. आमची गाडी इमारतीच्या आवारांत उभी होती. प्रथम चाकें बुडालीं, मग पाणी बॉनेटपर्यंत आलें. तिसऱ्या दिवशीं पाणी ओसरलें, थोडें ऊन पडलें, आणि गाडी बाहेरून वाळलेली पाहून ती आंतूनहि वाळली असेल असें मला वाटलें. मीं किल्ली फिरवून सेल्फ मारला. एक जड आवाज झाला आणि इंजिन जागच्या जागीं अडकलें. तेवढ्यावर थांबावें, तर तेंहि सुचलें नाहीं. मीं आणखी दोनदां सेल्फ मारला.

काय झालें होतें, तें मिस्त्रीनें इंजिन उघडून दाखविलें. इंजिनाच्या नळकांड्यांत पिस्टन वर येतो तेव्हां आंतील हवा दाबली जाते. हवेच्या जागीं पाणी शिरलें असेल, तर पिस्टनला वाट मिळत नाहीं. कारण हवा दबते, पाणी दबत नाहीं. मग जोर सगळा पिस्टनच्या दांड्यावर येतो आणि तो वाकतो. वायु दाबला जातो व द्रव दाबला जात नाहीं, हा पाठ मीं वर्गांत किती वर्षें शिकविला असेल! तोच पाठ गाडीनें मला दोन महिन्यांचें निवृत्तिवेतन घेऊन पुन्हां शिकविला. विम्याचाहि उपयोग झाला नाहीं. सर्वंकष विम्यांत पुरानें झालेलें नुकसान धरलेलें असतें. परंतु बुडालेलें इंजिन आपणच सुरू केल्यामुळें जी मोडतोड होते, ती बहुधा त्यांत बसत नाहीं. तिच्यासाठीं इंजिनाच्या संरक्षणाचें निराळें कलम घ्यावें लागतें. विम्याचा कागद वाचतांना तेवढें कलम आपण अवश्य पाहावें.

म्हणून पहिली सूचना ही कीं, बुडालेली गाडी कितीहि वाळलेली दिसली, तरी किल्लीला हात लावूं नये. बॅटरीचें ऋण टोक, ज्याला मिस्त्री 'मायनस' म्हणतात, तें सोडवून ठेवावें, गाडीचें छायाचित्र काढावें, विमावाल्यांना कळवावें, आणि गाडी ओढून गॅरेजमध्यें न्यावी. एअर फिल्टर उघडून तो ओला आहे का, व ऑइल दुधासारखें पांढुरकें झालें आहे का, हें तेथें प्रथम पाहिलें जातें. त्याहून बरें म्हणजे पावसाचा रंग दिसतांच गाडी उंचवट्यावर नेऊन उभी करणें. वाटेंत पाणी लागलें आणि त्याची खोली कळत नसली, तर मागें फिरण्यांत कमीपणा नाहीं.

आतां नित्याच्या निगेविषयीं. आठवड्यांतून एकदां, सकाळीं इंजिन थंड असतां, गाडी सपाट जागीं उभी करून दहा मिनिटें तिच्याजवळ घालवावीं. ऑइलची पट्टी काढून पुसावी, पुन्हां घालावी आणि मग पाहावी. ऑइल दोन खुणांच्या मध्यें असलें पाहिजे. वरच्या खुणेच्या वर ऑइल भरणें हेंहि कमी भरण्याइतकेंच वाईट. नंतर कूलंट पाहावें. पुष्कळ लोक रेडिएटरमध्यें नळाचें किंवा विहिरीचें पाणी घालतात. आपल्या किनाऱ्यालगतच्या विहिरींचें पाणी मचूळ असतें. त्यांतील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात आणि गाडी तापूं लागते. अडचणीच्या वेळीं साधें पाणी घालून घर गांठावें, परंतु नंतर तें काढून योग्य कूलंट भरून घ्यावें. आणि तापलेल्या रेडिएटरचें झांकण कधींहि उघडूं नये. आंतील पाणी दाबाखालीं असतें आणि तोंडावर उसळतें. निदान अर्धा तास थांबावें.

टायरची हवा गाडी थंड असतां तपासावी, कारण धांवून तापलेल्या टायरमध्यें दाब वाढलेला दिसतो. स्टेपनीचा विसर बहुतेकांना पडतो आणि ज्या दिवशीं ती लागते त्याच दिवशीं ती बसलेली आढळते. टायरची नक्षी दीड मिलिमीटरच्या आसपास आली, कीं तो टायर ओल्या रस्त्यावर धरून ठेवण्याच्या कामाचा राहत नाहीं. महामार्गावर पावसांत गाड्या घसरतात, त्याला वेगाबरोबर गुळगुळीत टायरहि कारण असतात.

बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा क्षार सांचतो आणि सकाळीं सेल्फ क्षीणपणें कुरकुरतो. अशा वेळीं लगेच नवी बॅटरी घेऊं नये. आधीं ऋण टोक सोडवावें, मग धन टोक. कोमट पाण्यांत खाण्याचा सोडा घालून ब्रशानें टोकें घासावीं, कोरडीं करावीं, व्हॅसलीनचा पातळ लेप द्यावा आणि जोडतांना आधीं धन टोक व शेवटीं ऋण टोक जोडावें. चार-पांच रुपयांच्या सोड्यानें चार-पांच हजारांची खरेदी लांबलेली मीं स्वतः पाहिली आहे.

ब्रेकच्या ऑइलकडे तर कोणाचेंच लक्ष नसतें. तें हवेंतील ओलावा शोषून घेतें, आणि आपल्या हवेंत ओलाव्याला काय तोटा! लांबच्या उतारावर ब्रेक तापले म्हणजे त्या ओलाव्याची वाफ होते आणि ऐन वेळीं पायाखालीं ब्रेक पोकळ लागतो. दर दोन वर्षांनीं तें ऑइल बदलून घ्यावें. पाण्यांतून गाडी काढल्यावर थोडें अंतर हळू चालवून ब्रेक हलके दाबीत जावें, म्हणजे ते सुकतात.

राहिला आपला खारा वारा. अर्नाळा, राजोडी, भुईगांव या बाजूला गाडी नेहमीं उभी राहत असेल, तर गंज वरून दिसण्यापूर्वीं खालून लागतो. गाडी धुतांना लोक छप्पर चकचकीत करतात आणि पोट तसेंच ठेवतात. पंधरवड्यांतून एकदां गोड्या पाण्याचा फवारा गाडीच्या खालून मारावा आणि दारांच्या खालच्या कांठाला पाणी जाण्यासाठीं जीं बारीक भोंकें असतात, तीं काडीनें मोकळीं करावीं. पावसाळ्यांत उंदीर ऊब शोधीत इंजिनापाशीं येतात व वायरी कुरतडतात. म्हणून आठवडाभर गाडी उभी ठेवावयाची असेल, तरी मधून बॉनेट उघडून पाहावें.

एक शब्द मिस्त्रीविषयीं. मिस्त्रीकडे जातांना आपण वैद्याकडे जावें तसें जावें. वैद्यापुढें आपण लक्षणें सांगतों; औषधाचें नांव सांगत नाहीं. गाडी कधीं आवाज करते, थंड असतां कीं तापल्यावर, वळतांना कीं ब्रेक दाबतांना, हें नीट पाहून सांगावें. "अमुक भाग बदला" असें आपणच सांगितलें, तर तो भाग बदलला जातो आणि आवाज राहतो. काम सांगण्यापूर्वीं खर्च विचारावा, बदललेला जुना भाग परत मागावा, आणि चोख काम करणाऱ्या मिस्त्रीशीं दोनशें रुपयांसाठीं घासाघीस करूं नये. महामार्गावर रात्रीं गाडी बंद पडली असतां हाच मनुष्य फोन उचलतो.

येथवर जुन्या गाडीची बाजू झाली. आतां विजेकडे वळूं. मी विजेचा द्वेष्टा आहें, असा समज कृपा करून करून घेऊं नका. विजेचें वाहन आपणांस मुळींच नवें नाहीं. मुंबईच्या रस्त्यावर १९०७ सालीं विजेची ट्राम धांवूं लागली आणि ती १९६४ पर्यंत धांवली. बोरिवलीपुढें विरारपर्यंतची आगगाडी १९३६ सालीं विजेवर आली. म्हणजे आपल्याकडचा चाकरमानी, भाजीवाली, मासळीवाली आणि फुलांच्या पाट्या घेऊन पहाटे दादरला निघणारा शेतकरी हे सारे जवळजवळ नव्वद वर्षें विजेवरच मुंबईला जात-येत आहेत. विजेच्या मोटारगाडीचेंहि तसेंच. १९०० च्या सुमारास अमेरिकेंतील शहरांत अशा गाड्या पुष्कळ होत्या. पेट्रोलची गाडी सुरू करण्यासाठीं त्या काळीं पुढें उभें राहून हॅंडल फिरवावें लागे, आणि तें उलट फिरलें तर मनगट मोडे. पुढें चार्ल्स केटरिंग या संशोधकानें विजेचा सेल्फ तयार केला, १९१२ च्या कॅडिलॅक गाडींत तो बसविला गेला, आणि पेट्रोलची गाडी कोणालाहि सहज सुरू करतां येऊं लागली. विजेच्या गाडीला मागें टाकण्याचें काम अशा रीतीनें विजेनेंच केलें. आपल्या देशांतहि बंगलोरला तयार झालेली रेवा नांवाची विजेची छोटी गाडी २००१ सालीं बाजारांत आली होती.

मग शंका कशाची? शंका ही कीं, आगगाडीची वीज तारेंतून येते आणि मोटारीची वीज पेटींतून येते. तारेची वीज संपत नाहीं. पेटीची संपते, आणि ती पेटी हीच गाडीच्या किमतीचा मोठा भाग असते. लिथियमची ही बॅटरी उष्णतेनें झिजते, नेहमीं कांठोकांठ भरून ठेवल्यानें झिजते, वारंवार वेगानें भरल्यानें झिजते, आणि कांहीं अंशीं नुसत्या वयानेंहि झिजते. ती एकाएकीं मरत नाहीं, हें खरें; तिचा पल्ला हळूहळू कमी होतो. कंपन्या तिची सामान्यतः आठ वर्षांची हमी देतात. त्या हमींत किती किलोमीटरची मर्यादा आहे आणि बॅटरीची धारणशक्ति किती टक्क्यांखालीं गेली असतां ती बदलून मिळेल, हीं दोन वाक्यें ग्राहकानें स्वतः वाचलीं पाहिजेत. विकणाऱ्याच्या तोंडच्या शब्दावर जाऊं नये.

आतां गणित मांडूं. पेट्रोल लिटरला शंभर रुपयांच्या वर गेलें आहे आणि लहान गाडी शहरांत लिटरला पंधरा किलोमीटर जाते असें धरलें, तर किलोमीटरला सुमारें सात रुपये पडतात. विजेची लहान गाडी एका युनिटांत सात किलोमीटर जाते आणि घरच्या विजेचें युनिट दहा रुपयांना पडतें असें धरलें, तर किलोमीटरला सुमारें दीड रुपया पडतो. म्हणजे किलोमीटरमागें साडेपांच रुपये वांचतात. ही बचत मोठी आहे आणि ती नाकारण्यांत अर्थ नाहीं. शिवाय विजेच्या गाडीला ऑइल नाहीं, क्लच नाहीं, सायलेन्सर नाहीं. नित्याचा खर्चहि कमी.

परंतु माझी गाडी वर्षाकांठीं चार हजार किलोमीटर धांवते. पापडीचा बाजार, दवाखाना, नातेवाइकांकडे जाणें-येणें आणि वर्षांतून एकदां नाशिक. एवढाच तिचा संसार. चार हजाराला साडेपांचानें गुणिलें म्हणजे बावीस हजार रुपये. जुनी गाडी विकून आलेले पैसे वजा जातां नव्या गाडीसाठीं आणखी दहा लाख घालावे लागतील असें धरलें, तर ते बावीस-बावीस हजारांनीं फिटावयाला पंचेचाळीस वर्षें लागतील. मी तेव्हां एकशें तेरा वर्षांचा असेन.

आतां तेंच गणित मुलाचें. तो रोज घोडबंदरच्या रस्त्यानें ठाण्याला जातो; जाऊन-येऊन साठ किलोमीटर. वर्षाचे तीनशें दिवस धरले, तर अठरा हजार किलोमीटर होतात आणि बचत नव्याण्णव हजारांची होते. तो आज ना उद्यां स्वतःसाठीं गाडी घेणारच आहे. पेट्रोलच्या नव्या गाडीपेक्षां विजेची नवी गाडी तीन लाखांनीं महाग पडली असें धरलें, तरी तो फरक तीन वर्षांत फिटतो. टॅक्सीवाल्याचा त्याहून लवकर फिटेल. मात्र हें सारें घरच्या विजेवर. रस्त्यावरच्या चार्जिंग केंद्रांत युनिटला दुप्पट पैसे पडले, तर किलोमीटरचा खर्च तीन रुपयांवर जातो आणि मुलाची तीन वर्षें चारांच्या पुढें सरकतात. तात्पर्य, गाडी दिवसाला किती धांवते, हा पहिला प्रश्न. मुलाचें गणित बरोबर निघालें आणि माझें त्याच्याविरुद्ध गेलें, हें मला मान्य करावें लागलें.

दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. ती गाडी रात्रीं कोठें उभी राहणार आणि तिला वीज कोठून मिळणार? ज्याचें वाडींत स्वतःचें घर आहे, अंगण आहे, त्याला अडचण नाहीं. परंतु वसई-विरारमध्यें आतां बहुसंख्य लोक इमारतींत राहतात. गाडी उभी करावयाला जागा मिळाली तर नशीब. त्या जागेपर्यंत स्वतःच्या मीटरची तार आणणें ही पुढची गोष्ट. मग कोणी खिडकींतून वायर खालीं सोडतो, कोणी जिन्यांतल्या दिव्याच्या बटणावरून वीज घेतो. जुन्या इमारतींतील तारा दिव्यांसाठीं आणि पंख्यांसाठीं घातलेल्या. त्यांतून रात्रभर मोठा प्रवाह खेंचला, तर त्या तापणारच.

ही भीति कल्पनेची नाहीं, हें वसईनें पाहिलें आहे. सप्टेंबर २०२२ मध्यें वसईंतील एका घरांत विजेच्या स्कूटरची बॅटरी काढून रात्रीं खोलींत चार्जिंगला लावली होती. पहाटे तिचा स्फोट झाला आणि जवळच झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला. पुढें कांहीं दिवसांनीं रुग्णालयांत तो दगावला. त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून देशांत बॅटऱ्यांच्या सुरक्षिततेचे नियम अधिक कडक झाले, ही समाधानाची गोष्ट; परंतु जन्मभर ज्यानें सहा-सात वर्षांच्या मुलांना हातीं धरून मुळाक्षरें गिरवून घेतलीं, त्याला ही बातमी वाचून काय वाटलें असेल, तें शब्दांत सांगतां येत नाहीं. त्या घरच्या माणसांना दोष देण्याचा अधिकार कोणालाहि नाहीं. लहान खोली, बाहेर जागा नाहीं, सकाळीं कामावर जावयाचें. आपणहि तेंच केलें असतें. यंत्र घरांत येतें तेव्हां त्याच्याबरोबर त्याची रीतहि यावी लागते, आणि ती सांगणारा कोणी भेटत नाहीं. म्हणून मी आज ती सांगतों.

झोपण्याच्या खोलींत, किंवा बाहेर पडण्याच्या एकुलत्या दाराशीं, कोणतीहि मोठी बॅटरी चार्जिंगला लावूं नये. सर्वांनीं झोंपावें आणि बॅटरी भरत राहावी, ही संवयच सोडावी. गाडीबरोबर आलेलाच चार्जर वापरावा. स्वस्तांतला दुसरा घेऊं नये. लांबविलेल्या वायरीचा बोर्ड वापरूं नये. सोळा अँपिअरचा स्वतंत्र प्लग, त्याला स्वतंत्र जाड तार, चांगलें अर्थिंग आणि गळतीचा प्रवाह तोडणारें बटण, एवढें परवाना असलेल्या वायरमनकडून बसवून घ्यावें. पडलेली, आपटलेली, फुगलेली किंवा पाण्यांत बुडालेली बॅटरी पुन्हां चार्जिंगला लावूं नये. आग लागलीच, तर ती विझविण्याच्या भरीस न पडतां माणसें बाहेर काढावीं आणि अग्निशामक दलाला बोलवावें. ही आग विझल्यासारखी दिसून पुन्हां भडकते.

पाण्याचाहि प्रश्न लोक विचारतात. विजेची गाडी पाण्यांत शॉक देईल का? तिची बॅटरी बंदिस्त असते आणि साध्या पाण्याच्या शिंतोड्यानें तिला कांहीं होत नाहीं. माझ्या गाडीचा दांडा वाकला, तसा दांडाच तिच्यांत नाहीं. परंतु तासन् तास बुडालेली गाडी, आणि त्यांतहि खाऱ्या पाण्यांत बुडालेली, ही निराळी गोष्ट. ती कंपनीच्या माणसांनीं तपासल्यावांचून सुरू करूं नये. तिच्या आंत नारिंगी रंगाच्या जाड वायरी असतात. त्यांतून शेंकडों व्होल्टचा प्रवाह जातो आणि शिक्षण न घेतलेल्या मिस्त्रीनें त्यांना हात लावणें म्हणजे जिवाशीं खेळणें. याचा अर्थ असा कीं, नाक्यावरचा आपला मिस्त्री या गाडीला तूर्त उपयोगी नाहीं. हा तिचा मोठा उणेपणा मी समजतों. आपल्या गांवांतल्या तरुण मिस्त्र्यांनीं हें शिक्षण घ्यावें, नाहींतर दहा वर्षांनीं त्यांच्या हाताला काम उरणार नाहीं.

२०१८ सारखी वीज दोन-दोन दिवस गेली तर काय, असें मी मुलाला विचारलें. तो हंसून म्हणाला, "बाबा, वीज गेली म्हणजे पेट्रोलचा पंप तरी कोठें चालतो?" हा जबाब निरुत्तर करणारा होता. पंपांकडे जनित्रें असतात एवढेंच मीं पुटपुटलों.

धुराविषयींहि असेंच आहे. विजेची गाडी धूर सोडीत नाहीं म्हणतात. परंतु तिच्या विजेचा धूर कोठेंतरी सुटतोच. आपल्याच पालघर जिल्ह्यांत डहाणूला कोळशावर चालणारें पांचशें मेगॅवॉटचें वीजकेंद्र आहे आणि तारापूरला १९६९ पासून अणुशक्तीचें केंद्र आहे. राज्यांतील विजेचा मोठा भाग अजून कोळशापासूनच होतो. तरीहि न्यायानें बोलावयाचें तर दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. पेट्रोलचें इंजिन जळालेल्या इंधनांतील सुमारें चौथा हिस्सा चाकापर्यंत पोंचवितें, बाकीची उष्णता वाया जाते. विजेचें यंत्र मिळालेल्या विजेपैकीं बहुतेक सर्व चाकाला देतें. आणि सिग्नलपाशीं रिक्षांत बसलेल्या मुलाच्या नाकांत जाणारा धूर तरी तेवढा कमी होतो.

आणखी एक गोष्ट विसरूं नये. विजेची गाडी घेतली म्हणजे निगा संपली, हा भ्रम आहे. टायर तिलाहि आहेत, आणि ती वजनानें जड असल्यामुळें ते लवकर झिजतात. ब्रेक कमी वापरले जातात म्हणून आपल्या खाऱ्या हवेंत त्यांच्या तबकड्या अधिक गंजतात. दिवे आणि कुलपें चालविणारी बारा व्होल्टची लहान बॅटरी तिच्यांतहि असते आणि तिच्या टोकांवरहि तोच क्षार सांचतो. गाडीखालीं वाकून पाहण्याची संवय ज्याला नाहीं, त्याच्यापाशीं कोणतीहि गाडी फार दिवस टिकणार नाहीं.

आतां आमच्या घरच्या निकालाविषयीं सांगून संपवितों. जुन्या गाडीचा क्लच मीं बदलून घेतला. ती आम्हां म्हाताऱ्यांच्या कामासाठीं राहील. तिच्यांत अजून पुष्कळ वर्षांचें चालणें आहे आणि चालती वस्तु मोडीत काढणें ही काटकसर नव्हे. मुलानें विजेची गाडी घ्यावी, याला माझी हरकत उरली नाहीं. परंतु एक अट घातली. आधीं सोसायटीच्या सभेंत विषय मांडावा, सर्वांच्या संमतीनें गाड्यांच्या जागेपर्यंत स्वतंत्र तार आणि मीटर यावें, आणि मग गाडी यावी. त्यानें आठ दिवसांची मुदत मागितली नाहीं, "बरें" म्हणाला. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तो विषय आलेला आहे आणि सूचक म्हणून खालीं माझें नांव आहे.

श्रोते हो, आपल्यापैकीं ज्यांच्या घरांत हा वाद चालूं असेल, त्यांनीं जाहिरातीकडे किंवा शेजाऱ्याच्या नव्या गाडीकडे पाहून निर्णय घेऊं नये. कागद-पेन्सिल घ्यावी, आपली गाडी किती धांवते तें लिहावें, ती रात्रीं कोठें उभी राहते तें लिहावें, आणि घरांत जीं लहान मुलें झोपतात त्यांच्यापासून ती बॅटरी किती दूर राहील, तेंहि लिहावें. उत्तर त्या कागदावरच मिळेल. तोंवर, उद्यां सकाळीं इंजिन थंड असतां, आपल्या गाडीची ऑइलची पट्टी एकदां काढून पाहावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.